दोन हात मागे

रविवार, ४

सकाळीच भाच्याचा फोन. हा माझ्या थोरल्या बहिणीचा मुलगा. परगावी असतो आणि वर्षातून एकदा आईची काळजी करतो, तीही घाऊक. आज मात्र लवकर मुद्द्यावर आला.

दोन वर्षांपूर्वी नोकरी संपली आणि ताई त्या टेकडीवर जाऊन राहिली. गेल्या पावसात शेवटचा चढ वाहून गेला, तेव्हापासून टॅक्सीवाले खालच्या वळणावरूनच हात जोडतात. मागच्या महिन्यात ती अंगणात घसरली, मनगट मोडले, आणि हात गळ्यात बांधून तो चढ एकटी पायी उतरली. हे तिने आम्हाला आठ दिवसांनी सांगितले, आणि तेसुद्धा "शेळीने खोड्या केल्या" इतकेच.

भाचा म्हणाला, "मावशी, भर पावसात तिच्यापर्यंत पोचू शकेल असं घरातलं एक तरी माणूस मला दाखव. नाहीतर महिनाअखेर मी येतो, ते घर विकायला काढतो आणि तिला आमच्याकडे आणतो."

"तुमच्याकडे कुठे?"

"हॉलमध्ये पार्टिशन घालू."

पार्टिशन! जिने हॉस्पिटलची मेट्रन म्हणून भल्याभल्या सर्जनांना दाराबाहेर बूट काढायला लावले, ती बाई पार्टिशनमागे. पण घर कागदोपत्री त्याच्या नावावर आहे, आणि बोलला की करतो. त्या बाबतीत आमच्यावर गेला आहे.

मुळात ती तिथे गेली हेच चुकले. मी तेव्हाच सांगितले होते की तुझ्या त्या टेकडीवर मी पाऊल ठेवणार नाही. ठेवलेले नाही. शब्द म्हणजे शब्द. परंतु खाली यायचेच असेल तर तिने माझ्याकडे यावे. आमची मागची खोली रिकामी आहे. हे तिला समजावून सांगितले पाहिजे. फोनवर जमत नाही. माझे म्हणणे तिच्या अंगाशी येऊ लागले की तिला ऐकू येईनासे होते.

तेव्हा समक्ष जाणे आले. हे मागच्या वर्षी आमची छोटी गाडी घेऊन एकटे वर गेले होते, ते सायलेन्सर हातात घेऊन परतले. म्हणजे फोर बाय फोर पाहिजे, चारही चाकांना जोर देणारी. नवी घेण्याइतकी मी उधळी नाही. जुनी घेऊ. मी गाडीत बसूनच तिला समजावीन. उतरण्याचा प्रश्नच येत नाही.

मंगळवार, ६

पद्धत ठरवली. गाडीला तोंड नसते, मालकाला असते. मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवले आणि तोंडी परीक्षा किती घेतल्या याला गणती नाही. चंचुपात्र कुणी फोडले हे मी मुलाच्या डोळ्यांत पाहून सांगत असे. तेव्हा आधी मालकाची तोंडी घ्यायची. वीसपैकी गुण. दहाच्या खाली गाडीकडे बघायचेसुद्धा नाही.

हे म्हणाले, "अगं, गाडी घ्यायची आहे, जावई नाही करून घ्यायचा."

यांचे मोतीबिंदूचे ऑपरेशन नुकतेच झाले आहे, त्यामुळे चालवणार मी. यांनी फक्त गाडीखाली वाकून बघायचे आणि मत द्यायचे. संध्याकाळी हे बाजारातून परतले ते गाडी ओढायचा जाडजूड केशरी दोर घेऊन. अजून गाडीचा पत्ता नाही. बाजारात तुरी! मी म्हटले, "अहो, हा कशाला?"

"असावा," म्हणाले. दोर माझ्या शिवणाच्या मशीनवर ठेवला आहे. आल्यागेल्याला दाखवतात.

बुधवार, ७

पहिला उमेदवार दातांचा डॉक्टर. अंगणात फरशी, फरशीवर गाडी, गाडीवर अभ्रा. उत्तरे स्वच्छ, खणखणीत. तेल कधी बदलले, किती वेळा धुतली, सगळे तोंडपाठ. मी सतरा गुण दिले.

"कच्च्या रस्त्यावर नेली होती का?" मी विचारले.

"छे! माझी गाडी आहे ती."

"मग फोर बाय फोर का घेतलीत?"

"दिसायला भारदस्त वाटते ना."

चालवून पाहिली. सरळ रस्त्यावर लोण्यासारखी. वळणावर मात्र घोड्यासारखी उड्या मारू लागली. यांनी खाली वाकून पाहिले. पुढचे टायर नवेकोरे, मागचे टकलाइतके गुळगुळीत. ही गाडी चारही चाके कायम एकत्र फिरवणारी. चाकांची मापे जमली नाहीत की आतल्या आत ओढाताण होते, असे हे म्हणाले. यांना हे कुठून कळले कोण जाणे.

"मागचे टायर बदलले नाहीत?" मी विचारले.

"मागचे कोण बघतं, मॅडम?"

दातांचा डॉक्टर हे बोलतो! मागच्या दाढा कोण बघते? सतरापैकी चौदा गुण जागीच कापले.

यांचे मत : "बरी आहे."

शनिवार, १०

लग्नाचे फोटो काढणारा. गोड बोलतो. गाडीत शिरताच अत्तराचा भपकारा. जिथे वास जास्त, तिथे काहीतरी झाकलेले असते हा प्रयोगशाळेतला पहिला धडा.

"पाण्यात नेली होती का?"

"नाही हो."

"नदीत?"

"नदी म्हणजे काय, ओढाच म्हणायचा."

"ओढ्यात?"

"एकदा. पण नवरा-नवरीला हवा होता तो फोटो. मी काय करणार?"

मी पायाखालचे मॅट उचलले. खाली चिखल वाळून त्याची खापरे झाली होती. हेडलाइटच्या काचेत पाणी. त्यात एक किडा पोहत होता. जिवंत होता असे हे म्हणतात, पण यांचा डोळा अजून बरा व्हायचा आहे.

गुण चार. तेही नवरा-नवरी वाचली म्हणून.

यांचे मत : "बरी आहे. वाळवली की झालं."

रविवार, ११

ताईचा फोन. मी गाडीविषयी अवाक्षर काढले नव्हते. भाच्याचे बोलणे तर मुळीच नाही. तरी उचलताच म्हणाली, "काय गं, दातवाल्याची गाडी पसंतीला उतरली नाही म्हणे?"

तिला लहानपणापासून आगाऊ कळायची खोड आहे. मी विषय बदलला. विचारले, हात कसा आहे? म्हणाली, "हाताला काय धाड भरलीय. शेळ्या दूध देतायत. तू सांग, कुणासाठी एवढी गाड्यांची परीक्षा चाललीय? टेकडीवर तर तू येणार नाहीस."

"नाहीच येणार," मी म्हटले. "गाडी भाजी आणायला घेते आहे."

"फोर बाय फोर? भाजी कुठल्या डोंगरावर मिळते तुमच्याकडे?"

मी म्हटले, हॅलो, ऐकू येत नाही. आणि ठेवून दिला.

फोनवर बोलत असताना हे स्वयंपाकघरात उगीचच भांडी पुसत होते. यांनी लग्नानंतर भांडी पुसल्याचे मला आठवत नाही. डोळ्यात घालायच्या थेंबांचा काहीतरी परिणाम असावा.

बुधवार, १४

जुन्या गाड्यांचा दलाल. बोटांत अंगठ्या, खिशाला तीन पेनं.

"या काकू, या!"

"मी तुमची काकू नाही."

"बरं, मावशी—"

"मावशीही नाही."

"मग आत्याबाई, बसा तरी."

गाडी एवढी उंच केलेली की चढायला त्याने स्टूल आणले. मी स्टुलावर, हे खाली स्टूल धरून, आणि दलाल बाजूने टाळ्या वाजवतोय. चाके माझ्या छातीपर्यंत. वर गेल्यावर समोरचे बॉनेट सोडून काही दिसेना. मी विचारले, "रस्ता कुठे आहे?"

"आत्याबाई, ही गाडी असल्यावर रस्ता लागतोच कशाला?"

उत्तर चुकीचे आहे, पण या एका उत्तराला मी मनातल्या मनात दोन गुण दिले. बाकी शून्य. चार मालक झाले या गाडीला, आणि का विकली विचारले तर चौघेही परदेशी गेले म्हणे. एवढी लांब पळण्यासारखे गाडीत काय आहे ते बघायला मी थांबले नाही.

यांचे मत : "बरी आहे. स्टूल देत असेल तर."

भाच्याचा निरोप आला आहे. घर बघायला गिऱ्हाईक तयार आहे. शनिवारी एकतीसला येतो म्हणतो. दिवस भराभर चालले आहेत आणि चांगला मालक मिळेना.

रविवार, १८

यांनी एका चिठ्ठीवर पत्ता दिला. गुरांची डॉक्टरीण, गाडी विकायची आहे. कुठून मिळाला विचारले तर म्हणाले, "ऐकलं कुठेतरी."

दवाखान्याच्या मागे उतारावर गाडी उभी. रंग कधीकाळी हिरवा असावा. दारावर शिंगाचा ओरखडा. डॉक्टरीण माझ्याच वयाची, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, हात पुसत बाहेर आली. मी तोंडी सुरू केली.

"तेल शेवटचं कधी बदललं?"

"आठवत नाही. बाहेर आलं की घालते."

"अपघात?"

"एक बैल. चूक बैलाची."

"दोष?"

"पुष्कळ. मागची काच खाली जात नाही. हीटर बंद होत नाही. आणि फोर बाय फोरची दांडी अडते. गाडी उभी करून ओढायची, तरी कधीकधी आतले दात दातांत बसत नाहीत. मग जोर करायचा नाही. दोन हात मागे यायचं, की खटकन बसते."

सहा गुण. उत्तरे अत्यंत ढिसाळ. पण गाडीच्या चारही टायरांचे माप सारखे होते, वास शेणाचा होता आणि तो कुणी लपवला नव्हता. मी किंमत विचारणार, तोच बाईने मलाच विचारले, "कुठे न्यायचीय?"

मी टेकडीचे नाव सांगितले.

"शेवटच्या वळणापलीकडचं घर? मग गाडीला रस्ता ठाऊक आहे. कशाला जाताय?"

"बहिणीला खाली आणायला."

तिने हात पुसायचे थांबवले. "चालवून दाखवा."

आता परीक्षा माझी! दवाखान्यामागे चिखलाचा चढ आहे, तिथे मला बसवले. अर्ध्यावर चाके जागच्या जागी फिरू लागली. दांडी ओढली, बसेना. मी ॲक्सिलरेटर दाबला. चिखल उडून यांच्या नव्या चष्म्यावर.

"मागे घ्या," डॉक्टरीण ओरडली.

"वर जायचं आहे, मागे कशाला?"

"बाई, मागे घ्या!"

"आलेल्या वाटेने मी मागे जात नाही."

तिने काचेवर टकटक केली, मला खाली उतरवले आणि किल्ली खिशात टाकली. "गाडी विकायची नाही."

"मला?"

"तुम्हाला."

मी आयुष्यात नापास झालेले नाही. मॅट्रिकपासून एम.एस्सी.पर्यंत. गाडीची विक्री आणि माझ्या घरचा मामला यांचा काय संबंध, हेही त्या बाईला कुणी विचारले नाही.  घर आल्यावर हे चष्मा धुताना म्हणाले, "ही मात्र चांगली आहे."

"बरी" नव्हे. "चांगली."

मंगळवार, २०

काल दिवसभर त्या बाईचा विचार करणार नाही असे ठरवले होते, त्यामुळे दुसरे काहीच झाले नाही.

आज आमच्या छोट्या गाडीने कॉलनीच्या मागचा रिकामा प्लॉट गाठला. तिथे बांधकामाच्या वाळूचा ढीग आहे. मागे घेण्याचा सराव केला. केवळ तांत्रिक कुतूहल. वरच्या मजल्यावरच्या बाई गॅलरीतून बघत होत्या. विचारले, "काही हरवलं का हो?" मी म्हटले, "हो." त्यांनी शोधायला नवऱ्यालाच खाली पाठवले. भला माणूस वाळूत बराच वेळ काहीतरी शोधत होता. मी त्याला काय सांगणार?

शनिवार, २४

पुन्हा डॉक्टरीण. या वेळी मी एकही प्रश्न विचारला नाही. गाडीत बसले, अर्ध्या चढावर अडकले, पाय काढला, दोन हात मागे आले, दांडी ओढली. खटकन. वर.

वर पोचून मी तिच्याकडे बघितले. ती बैलाकडे बघते तसे माझ्याकडे बघत होती, म्हणजे वाईट नव्हे.

"बहिणीला खाली आणायला?" तिने पुन्हा विचारले.

"आधी वर पोचू तर द्या. पुढचं पुढे."

तिने किल्ली माझ्या हातावर ठेवली. "कामापुरत्या पास."

"किती गुण?"

"आमच्यात गुण नसतात. जगलं की पास."

हे तर दोर गाडीत ठेवून मोकळेसुद्धा झाले.

रविवार, २५

गेलो. हे सविस्तर लिहिते, कारण उद्या ताई निराळेच सांगेल.

खालच्या वळणापर्यंत काही विशेष नाही. आकाश भरून आले होते. त्यानंतर रस्ता संपतो आणि जे सुरू होते त्याला मी रस्ता म्हणणार नाही. पाण्याने मधोमध नाली पाडली आहे आणि दोन्ही बाजूंना दगड दात विचकून बसले आहेत. हे दाराचे हँडल धरून बसले होते आणि लहान मुलासारखे हसत होते. दिवसाढवळ्या, विनाकारण.

निम्म्या चढावर चाके फिरू लागली. दांडी बसेना. तेवढ्यात वरून हाक आली. ताई. गळ्यात हात बांधलेला, दुसरा हात कमरेवर, अगदी वॉर्डात उभी असायची तशी.

"मागे घे!"

मी काच खाली केली. "कळतं मला!"

"कळतं तर घे मागे!"

"तू सांगतेस म्हणून नाही घेत. घ्यायचीच होती म्हणून घेते."

"कशीही घे, पण घे गं बाई!"

दोन हात मागे आले. खटकन. मग गाडी अशी चढली की हे "शाब्बास" म्हणाले. गाडीला म्हणाले की मला, हे मी विचारले नाही.

वर पोचताच एक चमत्कार झाला. अंगणातल्या शेळ्यांनी गाडी पाहिली मात्र, सगळ्या जीव घेऊन घरामागे पळाल्या. एक तर थेट मोरीत शिरली. माझी शिस्त जनावरांनाही लांबून जाणवते, हे मला ठाऊक नव्हते. ताईला एवढे हसू का आले, तेही कळले नाही. यांनाही आले.

ताई गाडीपाशी आली. वाळली आहे. म्हणाली, "डॉक्टरीणबाईंनी पास केलं म्हणायचं." हिला हे कसे कळते! मग म्हणाली, "उतरू नकोस हं. टेकडीवर पाऊल ठेवणार नव्हतीस ना? चहा गाडीत आणते."

"आण," मी म्हटले.

तिने आणला. एका हाताने. मी सीटवर बसून प्यायले आणि समजावणे सुरू केले : मागची खोली, सकाळचे ऊन, जवळ दवाखाना. तिने ऐकून घेतले आणि आणखी एक कप भरला. मीही प्यायले. बोलणे रंगात आले होते.

परंतु हीटर बंद होत नाही, चहा दोन कप, आणि आधीचा प्रवास. माणसाचे शब्द कितीही पक्के असले तरी काही गोष्टी शरीराच्या हातात असतात.

"कुठे आहे?" मी विचारले.

"घरामागे," ताई म्हणाली. "पाऊल ठेवल्याशिवाय जायची सोय नाही केलेली अजून."

मी उतरले.  ताईने पुढे होऊन मोरीतली शेळी बाहेर काढून दिली.

परत आले तो हे सामान घरात ठेवत होते. एका दिवसाच्या मुक्कामाला यांनी एवढे कपडे कधी भरले?

मंगळवार, २७

काल पहाटेपासून पाऊस. काल निघायचे होते. ताईचा हात अजून बरा नाही, शेळ्यांचे दूध कोण काढणार म्हणून थांबलो. दूध मी काढले. शेळी चांगली होती, पद्धतच चुकीची होती. ती मी सुधारली. ताईच्या मते शेळीने मला सुधारले.

दुपारी भाच्याचा फोन. मीच उचलला.

"मावशी? तू? कुठे आहेस तू?"

"वर."

"वर कशी पोचलीस?"

"गाडीने. माणसं आणखी कशाने पोचतात?"

"अगं, तिकडे पाऊस आहे ना? चढ बंद झाला असेल. पोचता आलं तुला?"

"कालही खालून पीठ आणलं, आजही आत्ताच दुकानात जाऊन आले. दोन हात मागे यावं लागतं, बाकी काही नाही."

 मग म्हणाला, "बरं. मग त्या गिऱ्हाइकाला... राहू दे म्हणून सांगतो. पण मावशी, दर वेळी जाशील तू पावसात?"

"तू एकतीसला ये. तुला खालच्या वळणावरून मी घेऊन येते. उलट बसवीन, म्हणजे मागे काय असतं ते तुला दिसेल."

ताई दारात उभी राहून ऐकत होती. मी फोन ठेवल्यावर तिने पार्टिशनविषयी विचारले. म्हणजे तेही ठाऊक होते! मी यांच्याकडे पाहिले. हे बाहेर शेळ्या मोजायला गेले. तीन शेळ्या आहेत.

ताईला खाली यायला समजावायचे आहेच. तो विषय मी सोडलेला नाही. परंतु आजही निघता आले नाही. यांनी तो केशरी दोर पडवीत कपडे वाळत घालायला बांधला आहे, एक टोक खांबाला आणि दुसरे गाडीच्या हुकाला. दुकानात जाताना मी ते सोडले, आल्यावर ताईने पुन्हा बांधून ठेवले. एका हाताने अशी गाठ मारली आहे की सुटता सुटत नाही. कपडे वाळेपर्यंत गाडी हलवता येणार नाही. आणि या हवेत कपडे काही वाळत नाहीत.